काळी मखमल आणि पांढरे आकाश : छायालेखक जेम्स वाँग हाउ

कवडसा (धागाकर्ता) :

मेरी माइल्स मिंटर ही मूकपटांच्या काळातली मोठी नायिका होती, पण तिचे फिके निळे डोळे पडद्यावर तिचा घात करत. त्या वेळची फिल्म निळ्या रंगाला नको तितकी संवेदनक्षम आणि तांबड्याला जवळजवळ आंधळी असल्यामुळे तिची बुबुळे पांढुरकी, पुसून टाकल्यासारखी दिसत. हॉलिवूडच्या लास्की स्टुडिओत तेव्हा एक चिनी तरुण साहाय्यक म्हणून काम करत होता आणि चार पैसे अधिक मिळावेत म्हणून नटनट्यांची छायाचित्रे काढून त्यांना विकत असे. त्याने मिंटरची काही छायाचित्रे काढली आणि त्यांत तिचे डोळे गडद आले. चित्रपटातही माझे डोळे असे दाखवता येतील का, असे तिने विचारले, तेव्हा त्याने हो म्हणून टाकले. वास्तविक ते गडद कसे आले हे त्याचे त्यालाही ठाऊक नव्हते. मागाहून विचार केल्यावर त्याच्या ध्यानात आले, की छायाचित्र काढताना तिच्या समोर काळ्या मखमलीचा पडदा होता आणि त्याचेच प्रतिबिंब तिच्या डोळ्यांत उतरले होते. मग त्याने एका चौकटीवर काळी मखमल ताणून बसवली, मधोमध भिंगापुरते भोक पाडले आणि त्या भोकातून तिचे क्लोजअप घेतले. छायालेखक म्हणून त्याच्या कारकिर्दीची सुरुवात तिथे, १९२२-२३च्या सुमारास, ‘ड्रम्स ऑफ फेट’ या मूकपटापासून झाली. मिंटरने चीनहून स्वतःचा खास कॅमेरामन आणला आहे आणि तो काळ्या मखमलीआड लपून चित्रण करतो, अशी वदंता मग गावभर पसरली, आणि फिक्या डोळ्यांच्या इतर नायिकाही त्याची मागणी करू लागल्या.

हा तरुण म्हणजे जेम्स वाँग हाउ. पुढची पन्नासहून अधिक वर्षे त्यांनी काम केले, १३०हून अधिक चित्रपट टिपले, ऑस्करची दहा नामांकने मिळवली आणि दोनदा ते जिंकलेही. तरीही त्यांची एक अशी ओळखीची शैली सांगता येत नाही, ही त्यांच्याबद्दलची नेहमीची तक्रार आहे. माझे म्हणणे नेमके उलट आहे. मखमलीच्या प्रसंगात जे दिसते तेच त्यांनी आयुष्यभर केले. प्रकाश किंवा अंधार कुठून येतो आहे याचा आधी शोध घ्यायचा आणि मग त्या चित्रपटाला लागेल तेवढाच तो वापरायचा, ही त्यांची रीत होती. शैली सांगायचीच तर हीच.

त्यांचा जन्म २८ ऑगस्ट १८९९ रोजी दक्षिण चीनमधल्या क्वांगतुंग प्रांतात, तायशान भागात झाला. मूळ नाव वाँग तुंग जिम. वडील आधीच अमेरिकेत गेलेले होते. ते नॉर्दर्न पॅसिफिक रेल्वेवर काम करत आणि पुढे वॉशिंग्टन राज्यातल्या पॅस्को गावी त्यांनी दुकान टाकले. मुलगा १९०४ साली त्यांच्याकडे आला. गावातल्या औषधांच्या दुकानातून त्याने कोडॅकचा साधा ब्राउनी कॅमेरा विकत घेतला होता, ही त्यांची कॅमेऱ्याशी पहिली गाठ. वडील गेल्यावर किशोरवयात त्यांनी काही काळ मुष्टियुद्ध केले, एका छायाचित्रकाराकडे सामान पोचवणाऱ्या पोऱ्याचे काम केले, हॉटेलात उष्टी भांडी उचलली, आणि १९१७च्या सुमारास लास्की स्टुडिओच्या कॅमेऱ्यांच्या खोलीत झाडलोट करण्याच्या कामावर ते रुजू झाले. पगार आठवड्याला दहा डॉलर होता. तिथून सेसिल बी. डिमिल यांच्या सेटवर पाटी धरणाऱ्या मुलापर्यंत त्यांची बढती झाली. डिमिल यांना एकदा गाणाऱ्या कॅनरी पक्ष्याचा क्लोजअप हवा होता आणि पक्षी काही केल्या चोच उघडेना. हाउ सांगत, की त्यांनी पक्ष्याच्या चोचीत च्युइंगगमचा बारीकसा तुकडा ठेवला. तो काढून टाकण्यासाठी पक्षी चोच हलवू लागला आणि मूकपटात तो गातो आहे असेच दिसले. पक्ष्याला झालेला त्रास बाजूला ठेवून मी ही गोष्ट सांगतो, कारण जवळ असलेल्या वस्तूकडे पाहून मार्ग काढण्याची सवय त्यातही दिसते.

१९२४ सालचा ‘पीटर पॅन’ आणि त्यानंतरचे काही मूकपट यांमुळे त्यांचे नाव झाले. मग १९२८च्या आसपास ते चीनला गेले, चिनी विषयावर स्वतःचा चित्रपट करावा म्हणून तिथली दृश्ये टिपून परतले, आणि येऊन पाहतात तो बोलपट आलेला. तुम्हांला ध्वनीचा अनुभव नाही, असे सांगून स्टुडिओ त्यांना परत पाठवू लागले. कालपर्यंत ज्याच्या कामाची वाखाणणी होत होती, त्याला दारोदार फिरावे लागले.

या पडत्या काळातून त्यांना बाहेर काढले ते १९३१ सालच्या ‘ट्रान्सअटलांटिक’ने. कथा एका प्रवासी जहाजावर घडते. जहाजाच्या खोल्या ठेंगण्या, वाटा अरुंद, आणि छत डोक्यावर टेकलेले. त्या काळात सेटला छत नसे, कारण दिवे वरूनच लावले जात. हाउ आणि दिग्दर्शक विल्यम के. हॉवर्ड यांनी छत असलेले सेट बांधून घेतले, रुंद कोनाची भिंगे वापरली आणि जवळचा माणूस व दूरचा दरवाजा हे दोन्ही एकाच चित्रात स्वच्छ दिसतील असे चित्रण केले. या चित्रपटाच्या कलादिग्दर्शनाला, म्हणजे गॉर्डन वाइल्स यांना, ऑस्कर मिळाले. अशाच खोल चित्रणासाठी पुढे गाजलेला ऑर्सन वेल्स यांचा ‘सिटिझन केन’ यायला अजून दहा वर्षे होती.

त्यानंतरच्या सगळ्या चित्रपटांची यादी मी देत नाही. मेट्रो गोल्डविन मेयरकडे त्यांनी ‘द थिन मॅन’ (१९३४) केला, तोही तीन आठवड्यांच्या आत. काही काळ इंग्लंडमध्ये काम केले. ‘अल्जिअर्स’ने १९३८ साली पहिले नामांकन मिळाले, आणि मग वॉर्नर ब्रदर्सकडची भरगच्च वर्षे आली. मला थांबायचे आहे ते १९५७ सालच्या ‘स्वीट स्मेल ऑफ सक्सेस’पाशी.

या चित्रपटात बर्ट लँकेस्टर एका बलाढ्य वृत्तपत्रीय स्तंभलेखकाच्या भूमिकेत आहे आणि त्याला जाड काड्यांचा चष्मा दिला आहे. चष्मा म्हटला की कॅमेरामनच्या कपाळावर आठी पडते, कारण काचेत दिवे चमकतात आणि चौकटीची सावली गालावर पडते. ती सावली घालवण्यासाठी सहसा समोरून हलका प्रकाश भरतात. हाउ यांनी दिवा नेमका डोक्यावर आणला, कॅमेरा खाली ठेवला आणि चौकटीची सावली डोळ्यांखाली पडू दिली. परिणामी तो माणूस हसत असला तरी डोळ्यांच्या जागी खोबणी दिसतात, चेहरा कवटीसारखा भासतो, आणि त्याची सत्ता संवादाच्या आधीच आपल्याला कळते. मी हे दृश्य पहिल्यांदा पाहिले तेव्हा केवळ भीती वाटली. ती कुठून आली हे समजायला मला ते पुन्हा पुन्हा पाहावे लागले. बाहेरची दृश्ये न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर रात्री टिपली आहेत, आणि तिथे लांब पल्ल्याच्या भिंगांनी मागच्या इमारती माणसांच्या अगदी पाठीला आणून लावल्या आहेत, त्यामुळे एवढ्या मोठ्या शहरात कुणाला श्वास घ्यायला जागा नाही असे वाटते.

आणि मग ‘हड’. दिग्दर्शक मार्टिन रिट, साल १९६३, चित्रण टेक्सासमधल्या क्लॉड गावाच्या परिसरात. गुराढोरांच्या मुलखातली ही एका कोरड्या, निष्ठुर माणसाची गोष्ट आहे. अमेरिकेच्या पश्चिम मुलखातल्या, म्हणजे ‘वेस्टर्न’, चित्रपटांत आकाश म्हणजे शोभेची बाजू असते. योग्य फिल्टर लावून निळाई काळवंडायची आणि पांढरे ढग उठावदार करायचे, हा सर्वांचा शिरस्ता. हाउ यांनी उलट केले. त्यांनी फिल्टर असे लावले की ढग पुसले जावेत आणि आकाश रिकामे, पांढरेफटक राहावे. माणसे, कुंपणाचे खांब, गुरे, सगळे त्या रिकामपणापुढे उघडे पडते. मूकपटांच्या काळात निळे आकाश पांढरे यायचे तो फिल्मचा दोष होता, आणि त्या दोषाशी झगडतच हा माणूस या धंद्यात आला. चाळीस वर्षांनी तोच दोष त्यांनी स्वतः होऊन मागून घेतला, कारण या कथेला तो हवा होता. त्यांना दुसरे ऑस्कर याच चित्रपटासाठी मिळाले. पहिले मिळाले होते ते ‘द रोझ टॅटू’साठी (१९५५).

आपणांपैकी कुणी त्यांचे इतर चित्रपट पाहिले असतील, किंवा कॅमेऱ्याचे काम प्रत्यक्ष केले असेल, तर जरूर लिहावे. मला विशेषतः प्रकाशयोजनेबद्दल जाणून घ्यायचे आहे.

निगेटिव्ह :

मी मुंबईत कॅमेरा अटेंडंट म्हणून सुरुवात करून साहाय्यक कॅमेरामन म्हणून निवृत्त झालो, त्यामुळे आपला धागा दोनदा वाचला. फिल्मविषयी थोडी भर घालतो. आपण म्हणता ती ऑर्थोक्रोमॅटिक फिल्म. तांबडा तिला काळा दिसे, म्हणून तिच्या काळात लाल ओठ पडद्यावर काळे यायचे आणि गोऱ्या चेहऱ्यावरचे साधे डागही ठळक दिसायचे. मेकअपची सारी रीत त्यावरूनच ठरलेली होती. विसाच्या दशकात पॅनक्रोमॅटिक फिल्म रुळली आणि मग सगळे रंग बरेचसे डोळ्यांना दिसतात त्या तोलाने येऊ लागले. मखमलीचा उपाय डोळा काळा रंगवत नाही, हेही लक्षात घ्यावे. डोळा ओला आणि गुळगुळीत असतो, त्यामुळे समोरचे पांढरे छत, आकाश, रिफ्लेक्टर या सगळ्याची झाक बुबुळावर पसरते. समोर काळे आणले की ती झाक जाते आणि बुबुळ जेवढे गडद आहे तेवढे दिसू लागते. आम्ही सेटवर हेच वेगळ्या कारणासाठी करत असू. गाडीच्या काचेवर आकाश चढले की दोन लाइटमन काळे कापड ताणून उभे राहत, आणि आतला नट दिसू लागे.

चष्म्याबद्दल माझा स्वतःचा एक अनुभव सांगतो. एका चित्रपटात चरित्र अभिनेत्रीला चष्मा होता. की लाइट, म्हणजे मुख्य दिवा, काचेत येत होता. मी घाईघाईने कानामागच्या काड्या थोड्या वर उचलायला सांगितल्या, म्हणजे काच खाली झुकते आणि दिव्याचे प्रतिबिंब कॅमेऱ्याच्या वाटेतून निघून जाते. ही जुनी युक्ती आहे आणि चालते. पण बाईंनी संवादाच्या मध्येच मान वर केली आणि दोन्ही काचा पांढऱ्या झाल्या. तो शॉट तसाच गेला, रशेस, म्हणजे धुऊन आलेले कच्चे चित्रण, पाहताना सगळे गप्प बसले, आणि दुसऱ्या दिवशी सेट पुन्हा उभा करावा लागला. चूक माझी होती. मी दिवा पाहिला, काच पाहिली, पण बाई त्या वाक्यावर कुठे पाहणार आहेत हे पाहिले नाही. हाउ यांनी लँकेस्टरवर दिवा वरून टाकला तेव्हा त्यांनी तो माणूस कसा बसतो, कसा पाहतो याचा विचार आधी केला असणार, कारण त्या भूमिकेत लँकेस्टर मान फारशी हलवतच नाही. लोकांना आपल्यापर्यंत यावे लागते, असा तो माणूस आहे.

पैलतीर :

मी गेली काही वर्षे पॅस्कोच्या शेजारच्या गावात राहते, म्हणून हे नाव वाचून दचकले. वॉशिंग्टन राज्य म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे सिएटलचा पाऊस येतो, पण राज्याचा हा पूर्वेकडचा भाग अगदी कोरडा आहे. कोलंबिया आणि स्नेक या नद्या इथे जवळच एकमेकींना मिळतात, आणि नदीचा काठ सोडला की झुडपांचे उघडे माळ लागतात. उन्हाळ्यात दुपारी इथे आकाशात एक ढग नसतो आणि उन्हाने सगळे फिकट पडते. ‘हड’मधल्या आकाशाबद्दल वाचल्यावर मी तो चित्रपट परवा पाहिला. ते टेक्सास आहे हे मला माहीत आहे, आणि बालपणाचा आणि त्या निवडीचा संबंध जोडण्याचा मला काही अधिकार नाही, परंतु अशा उन्हात वाढलेल्या माणसाला रिकाम्या आकाशाची भीती वाटत नसावी, एवढे मात्र मनात आले.

एक विनंती. ‘चिनी तरुण’ असे आपण लिहिले आहे ते बरोबरच आहे, पण त्यांच्या कायदेशीर स्थितीबद्दलही लिहावे. पाचव्या वर्षी आलेला हा मुलगा चव्वेचाळीस वर्षांचा होईपर्यंत अमेरिकेचा नागरिक होऊच शकत नव्हता. चिनी लोकांना मज्जाव करणारा १८८२ सालचा कायदा १९४३च्या डिसेंबरात रद्द झाला, तेव्हा कुठे त्यांना ती वाट मोकळी झाली. इथे नागरिकत्वासाठी आम्ही वर्षानुवर्षे थांबतो आणि त्याबद्दल बोलत राहतो, पण आम्हांला निदान रांग तरी आहे. त्यांना रांगच नव्हती.

खोलदृष्टी :

लेख उत्तम आहे, पण एका मुद्द्यावर मतभेद नोंदवतो. ‘ट्रान्सअटलांटिक’चा उल्लेख करून लगेच ‘सिटिझन केन’ला दहा वर्षे होती असे म्हटले की वाचक असे समजतो, की ‘केन’चे छायालेखक ग्रेग टोलंड यांनी जे केले ते हाउ यांनी आधीच करून ठेवले होते. हे टोलंड यांच्यावर अन्यायकारक आहे. टोलंड यांच्या हाती १९४१ साली अधिक वेगवान फिल्म होती, परावर्तन कमी करणारा लेप दिलेली भिंगे होती, प्रखर दिवे होते, आणि त्या जोरावर त्यांनी भिंगाचे तोंड खूप लहान करून खोलवर तीक्ष्णता मिळवली. त्याहून महत्त्वाचे म्हणजे वेल्स यांनी आख्खे प्रसंग चित्राच्या त्या खोलपणात रचले. पुढे आई सही करते आहे, मागे खिडकीबाहेर मुलगा बर्फात खेळतो आहे, आणि दोन्हींचा अर्थ एकमेकांवर अवलंबून आहे. खोल चित्रण आधीही होत होते. त्याचा असा उपयोग विरळा होता.

कवडसा :

खोलदृष्टी यांचे म्हणणे मला मान्य आहे, आणि माझे वाक्य तसा समज करून देते हेही मान्य आहे. मला पहिलेपणाचा मान कुणाला द्यायचा नव्हता. ‘ट्रान्सअटलांटिक’मध्ये खोल चित्रण आले ते जहाजामुळे, म्हणजे जागा कोंडलेली आहे हे दाखवण्यासाठी, एवढेच मला सांगायचे होते. हाउ यांनी ते पुढे आपले निशाण म्हणून मिरवले नाही. ‘बॉडी अँड सोल’ (१९४७) घ्या. त्यात मुष्टियुद्धाच्या रिंगणात त्यांनी खोल चित्रणाचा विचार बाजूला ठेवला, हातात धरायचा छोटा कॅमेरा घेतला, पायांत चाकांचे बूट घातले आणि साहाय्यकाला आपल्याला ढकलत रिंगणात फिरवायला सांगितले. स्वतः मुष्टियोद्धा असल्यामुळे ठोसा खाल्लेल्या माणसाला समोरचे जग कसे डोलताना दिसते हे त्यांना माहीत होते. त्या काळात रिंगणाबाहेर तीन-चार जड कॅमेरे मांडून लढत टिपायची पद्धत होती. १९४७ साली हे पाहणाऱ्याला बसलेला धक्का आज आपल्याला बसत नाही, कारण तेव्हापासून प्रत्येक मुष्टियुद्धपटाने ते उचलले आहे.

पैलतीर यांनी काढलेला मुद्दा मी लिहायलाच हवा होता. त्यात एक गोष्ट जोडतो. जपानशी युद्ध सुरू झाल्यावर अमेरिकेतल्या जपानी वंशाच्या लोकांना छावण्यांत डांबले गेले, आणि चेहऱ्यावरून आपल्यालाही कुणी जपानी समजेल या भीतीने हाउ ‘मी चिनी आहे’ असा बिल्ला छातीवर लावून फिरत. त्यांचा मित्र, नट जेम्स कॅग्नी, यानेही तसाच बिल्ला लावला. कॅग्नीच्या बिल्ल्याचे कौतुक सगळे करतात आणि ते योग्यच आहे, पण तो लावण्याची गरज एकाला होती आणि दुसऱ्याला नव्हती, हे मला विसरता येत नाही. त्याच वर्षांत हाउ ‘एअर फोर्स’, ‘ऑब्जेक्टिव्ह, बर्मा!’ असे अमेरिकी युद्धपट टिपत होते.

सावली :

त्यांच्या पत्नीबद्दल कुणी लिहिले नाही, म्हणून लिहिते. सॅनोरा बॅब या लेखिका होत्या, गोऱ्या होत्या, आणि गोरी व्यक्ती आणि चिनी व्यक्ती यांचे लग्न कॅलिफोर्नियाच्या कायद्याला मान्य नव्हते. दोघांनी १९३७ साली पॅरिसमध्ये लग्न केले, पण घरी परतल्यावर ते लग्न लग्न राहिले नाही. स्टुडिओच्या करारात वर्तनाविषयी एक कलम असे, त्याचीही टांगती तलवार होती, त्यामुळे दोघे एकाच इमारतीत पण वेगवेगळ्या घरांत राहत. कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९४८ साली तो कायदा मोडीत काढला आणि १९४९ साली त्यांनी तिथे पुन्हा लग्न केले, म्हणजे पहिल्या लग्नानंतर बारा वर्षांनी. मग डाव्या विचारांच्या लोकांची चौकशी सुरू झाली, तेव्हा आपल्यामुळे नवऱ्याचे काम जाऊ नये म्हणून बॅब काही काळ मेक्सिको सिटीत जाऊन राहिल्या.

त्यांच्या स्वतःच्या लेखनाची कथाही मन विषण्ण करणारी आहे. दुष्काळाने आणि धुळीच्या वादळांनी उठवलेल्या ओक्लाहोमाच्या शेतकऱ्यांवर त्यांनी कादंबरी लिहिली होती. १९३९ साली त्याच विषयावरची स्टाइनबेक यांची कादंबरी गाजली आणि प्रकाशकाने यांची बाजूला ठेवली. ती छापून आली २००४ साली, बॅब यांच्या निधनाच्या आदल्या वर्षी. मी ती वाचली आहे. धूळ घरात कशी शिरते, भांड्यांवर कशी बसते याची वर्णने वाचताना मला सारखे वाटत राहिले, की या घरात पाहणारे डोळे एका माणसाचे नव्हते.

रंगपेटी :

हाउ यांनी रंगीत चित्रपट कमी का केले? त्यांचे नाव सगळीकडे कृष्णधवल चित्रपटांशीच जोडलेले दिसते.

कवडसा :

याला एक कारण १९३८ सालचा ‘द ॲडव्हेंचर्स ऑफ टॉम सॉयर’ आहे. तेव्हा रंगीत चित्रपट म्हणजे टेक्निकलर, आणि टेक्निकलर कंपनी कॅमेरा नुसता भाड्याने देत नसे. कॅमेऱ्याबरोबर तिचा माणूस येई, रंगसल्लागार येई, आणि सेटवर कपड्यांचे नि भिंतींचे रंग कोणते असावेत, प्रकाश किती असावा, हे ते सांगत. कॅमेऱ्यातला लोलक प्रकाश फोडून तो तीन वेगवेगळ्या निगेटिव्हवर पाडत असे, त्यामुळे प्रकाश प्रचंड लागे, आणि सगळे लख्ख दिसावे हा कंपनीचा आग्रह असे. टॉम सॉयर गरीब खेड्यातला पोर, आणि शेवटी तो अंधाऱ्या गुहेत हरवतो. हाउ यांना मळके रंग आणि खरा अंधार हवा होता. त्यावरून खटके उडाले आणि पुढे बराच काळ त्यांच्याकडे रंगीत काम आले नाही. १९५०नंतर ते आले, आणि ‘पिकनिक’ (१९५५) किंवा ‘द मॉली मॅग्वायर्स’ (१९७०) पाहिले की ते काय म्हणत होते हे कळते. दुसऱ्या चित्रपटात पेनसिल्व्हानियातली कोळशाची खाण आहे. खाणीत दिवा असेल तिथेच उजेड आहे, बाकी काळे, आणि त्या काळ्यातही कोळशाची ओलसर चकाकी तेवढी दिसते.

मात्र त्यांना कृष्णधवलाचे म्हणून बाजूला ठेवू नये, तसेच त्यांना संयमाचे म्हणूनही बाजूला ठेवू नये. ‘सेकंड्स’ (१९६६, दिग्दर्शक जॉन फ्रँकनहायमर) केला तेव्हा ते सदुसष्टीच्या घरात होते. एक प्रौढ माणूस शस्त्रक्रिया करून नवा चेहरा आणि नवे आयुष्य विकत घेतो, अशी ती कथा. तिच्यासाठी त्यांनी ९.७ मिलिमीटरचे, म्हणजे जवळचा चेहरा वाकवून टाकणारे भिंग वापरले, आणि कॅमेरा थेट नटाच्या अंगाला बांधला. माणूस चालतो तेव्हा चेहरा स्थिर राहतो आणि मागचे जग हेलकावे खाते. इथे कॅमेरा लपत नाही, कारण त्या माणसाला स्वतःचाच चेहरा परका झालेला आहे. तरुण छायालेखकाने हे केले असते तर धाडस म्हटले असते. त्यांनी ते त्या वयात केले, आणि नामांकनही मिळवले.

निगेटिव्ह :

‘सेकंड्स’चे नाव निघाले म्हणून शेवटच्या चित्रपटाबद्दल लिहितो. १९७० नंतर प्रकृतीमुळे त्यांनी काम थांबवले होते. ‘फनी लेडी’ या रंगीत संगीतपटाचे छायालेखक विल्मोश झिगमोंड सुरुवातीलाच बाहेर पडले आणि निर्मात्यांनी हाउ यांना बोलावले. ते आले. चित्रणाच्या काळात ते कोसळले, रुग्णालयात गेले, आणि अर्नेस्ट लास्लो यांनी तेवढे दिवस काम सांभाळले. बरे झाल्यावर हाउ परत सेटवर आले आणि चित्रपट पुरा केला. आमच्या धंद्यात अशा वेळी सहसा साहाय्यक सारे निभावून नेतो आणि वरिष्ठाचे नाव तेवढे राहते. त्यांनी तसे केले नाही. १९७५ सालच्या त्या कामाला दहावे नामांकन मिळाले. १२ जुलै १९७६ रोजी लॉस एंजेलिसमध्ये त्यांचे निधन झाले.

आपण प्रकाशयोजनेबद्दल विचारले होते. ‘फनी लेडी’ पुन्हा पाहाल तेव्हा गाण्यांकडे दुर्लक्ष करून नाट्यगृहाच्या पडद्यामागची दृश्ये पाहा. रंगमंचावरचा झगमगाट विंगेत येता येता कुठे विझतो, नायिका त्यातून बाहेर पाऊल टाकते तेव्हा तिच्या कोणत्या गालावर उजेड उरतो, आणि तो कुठल्या दिव्याचा आहे, हे बोट ठेवून सांगता येते. मी माझ्या नातवाला, तो सध्या हे काम शिकतो आहे, समोर बसवून तेच करायला लावले. त्याने चार दिवे बरोबर ओळखले. पाचवा आम्हां दोघांनाही अजून सापडलेला नाही.